कंपनीतर्फे अन्नछत्रात पेज वाढायला जाताय? मग आधी हे वाचा

सगळ्यात आधी टी-शर्ट. तांदळाचं नंतर बघू. लोगो छातीवर पण हवा आणि पाठीवर पण, कारण वाढताना माणूस वाकतो आणि वाकल्यावर छातीवरचा दिसत नाही.

मग तारीख. २ ऑक्टोबर, २६ जानेवारी ऐकायला छान, पण दोन्ही ड्राय डे, संध्याकाळचं काय करणार? पावसाळ्याचं तर नावच काढू नका. २०२१ मध्ये २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा आजूबाजूच्या लोकांनी जेवण करून पोचवलं, पण एकाच्या अंगावर टी-शर्ट नाही, आता कोण कुठून आलेला कसं कळायचं सांगा! त्यापेक्षा मार्च एंडच्या आधीचा एखादा बुधवार धरा. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, आपली कंपनी त्यात बसत असेल तर सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यासाठी तसेही काढायचेच आहेत, फक्त पीपीटीत 'आम्हाला आतून वाटलं' असं लिहायचं. ॲडमिनच्या खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, तेव्हा बॅनर कुठल्या हेडखाली घुसवायचा ते अकाउंट्सवाल्यांना आधीच विचारून ठेवा. (गुरुवार नको, अर्धं ऑफिस उपासाला असतं, त्याचं कारण खाली कळेल.)

जागा म्हणजे सरकारी हॉस्पिटलबाहेरचं अन्नछत्र. पेशंटला आतून जेवण मिळतं पण लांजा-राजापूरकडच्या वाडीवरून एसटीने आलेल्या नातेवाइकांचं काय, म्हणून ते चालतं, आणि रोज चालतं, हे जरा अडचणीचंच आहे, कारण तुम्ही नसलात तरी चालतं. मावशी लोक पहाटे चूल पेटवतात, तुम्ही साडेदहाला बसमधून उतरा. तोपर्यंत उकड्या तांदळाची पेज शिजलेली असते, कुळथाचं पिठलं झालेलं असतं. एचआरने मिठाची चव घ्यावी, मार्केटिंगने पण घ्यावी, आणि दोघांनीही मीठ घालावं, याला टीमवर्क म्हणतात. बटाटे चिरायला दिले तर मनापासून चिरा, मावशी नंतर परत चिरतात.

वाढताना घाई नको. डाव डब्यावर धरायचा आणि फोटोवाला हो म्हणेपर्यंत तसाच धरायचा. समोरच्या काकांची बायको वॉर्डात आहे, आत सोडायची वेळ संपत आलीय, ते हळूच म्हणतील, "पेज निवली ओ." तुम्ही म्हणा, "काका, डबा जरा वर धरा ना, आणि थोडं हसा." ब्लर आला तर पेज टोपात परत ओतून पुन्हा वाढा, एवढं तर आपण समाजासाठी करूच शकतो.

साडेबाराला निघा. सुरमई थाळी एकला बुक आहे (गुरुवार का नको ते आता कळलं?) आणि करपलेले टोप घासायला बसलात तर टी-शर्टला काळं लागतं. मावशी विचारतीलच, "आता परत कधी? पावसात भांड्यांना माणूस मिळत नाही ओ." त्यांना 'लवकरच कनेक्ट होऊ' सांगून फीडबॅक फॉर्मची लिंक द्या, फोन साधा असला तरी द्या.

सोमवारी सगळ्यांना सर्टिफिकेट, बसच्या ड्रायव्हरलासुद्धा. मावशींना नको, त्या एम्प्लॉयी लिस्टमध्ये नाहीत आणि लॅमिनेशनचे पैसे वेगळे पडतात.