साखर उतरत नाही म्हणजे कुशिंगच? आधी सिरिंज बघा

मधुमेही कुत्रा घरात असलेल्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो आत्तापर्यंत चौघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी वर "तुमच्या बंड्यासाठी" असं लिहून. मजकूर साधारण असा:

"इन्सुलिन देऊनही साखर ३००च्या खाली येत नाही? मग तुमच्या कुत्र्याला १०० टक्के कुशिंग आहे. खूप पाणी, खूप लघवी, खूप भूक, सुटलेलं पोट ही त्याचीच लक्षणं. रिपोर्टमध्ये एएलपी वाढलेलं असेल तर खात्रीच. सकाळी आठला साध्या लॅबमध्ये कॉर्टिसोल करा, बास. बाकीच्या दिवसभराच्या टेस्ट म्हणजे डॉक्टरांचा धंदा. ट्रायलोस्टेन सुरू करा, महिन्यात इन्सुलिन बंद होतं. गोळी परवडत नसेल तर अश्वगंधा."

कुशिंग म्हणजे शरीरात कॉर्टिसोल या स्टेरॉइड हॉर्मोनचा सतत अतिरेक होण्याचा आजार, ट्रायलोस्टेन हे त्यावरचं औषध, आणि एएलपी हे यकृताच्या तपासणीतलं एक एन्झाइम. मेसेजमध्ये खरं एवढंच की मधुमेह आणि कुशिंग हे दोन्ही आजार एका कुत्र्यात असू शकतात, आणि तसं असेल तर सतत जास्त असलेल्या कॉर्टिसोलमुळे शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. बाकीचं एकेक करून बघू. मी डॉक्टर नाही. बारा किलोच्या कुत्र्याला तीन वर्षं रोज दोनदा सुई टोचणारा माणूस आहे, आणि मेसेजच्या पहिल्याच वाक्यावर मी स्वतः एकदा घसरलोय.

"साखर येत नाही म्हणजे कुशिंगच"

बंड्या सहा युनिटवर छान चालला होता. मग एकाएकी साखर चारशेच्या घरात. डोस सहाचा आठ झाला, आठाचा दहा, दहाचा बारा. बारा किलोला बारा युनिट, म्हणजे किलोमागे एक. एका वेळी किलोमागे एक ते दीड युनिट देऊनही साखर ताब्यात येत नसेल तर "इन्सुलिन लागू का पडत नाही" हे शोधायला घ्यायचं, असा डॉक्टर मंडळींचा साधारण हिशेब आहे. त्यामुळे मी मनातल्या मनात कुशिंगचं निदान करून मोकळा झालो होतो.

आमच्या डॉक्टरांनी रक्त काढलंच नाही. म्हणाले, "उद्या येताना बाटली आणि सिरिंज घेऊन या. माझ्यासमोर भरून दाखवा."

भरून दाखवलं. त्यांनी सिरिंज हातात घेतली आणि टोपणाकडे बोट केलं. टोपण केशरी होतं.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिट प्रति मिलिलिटरच्या मिळतात, पेनमधली कार्ट्रिज १००ची असतात. ४०च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १००ला केशरी. माझं लाल टोपणाचं पाकीट संपलं तेव्हा केमिस्टने केशरी दिलं, मी घेतलं. दोघांनीही वाचलं नाही. केशरी सिरिंजवरची १२ची रेघ म्हणजे ०.१२ मिलिलिटर. ४०च्या बाटलीतून तेवढं घेतलं तर अंगात जातात ४.८ युनिट. मी दोन महिने कुत्र्याला निम्म्याहून कमी औषध देत होतो आणि दोष त्याच्या ग्रंथींना देत होतो. उलटी चूक, म्हणजे १००चं इन्सुलिन लाल सिरिंजने, अडीचपट डोस देते. ती जिवावर बेतते.

पुढचं वाक्य मी विसरलेलो नाही: "आता लाल सिरिंजने बारा भरू नका हं. पुन्हा सहावर या." बारा हा आकडा मुळात चुकीच्या सिरिंजवर चढत गेलेला होता. खरे बारा दिले असते तर साखर कोसळली असती.

तेव्हा साखर उतरत नसेल तर आधी या बारीकसारीक गोष्टी तपासायच्या. बाटली फ्रीजच्या दारात आहे की बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठली होती? उघडून किती दिवस झाले? गढूळ दिसणारं एनपीएच इन्सुलिन भरण्याआधी दोन्ही तळव्यांत हलकं फिरवून घेतलं का? रोज त्याच जागी टोचून तिथली कातडी जाड झालीय का? दुपारी आजी हळूच पोळीला गूळ लावून देतात का? (आमच्याकडे देत होत्या. बिस्किट नाही ना दिलं, हा त्यांचा बचाव.) आणि साखर मोजली कधी? दवाखान्यातला घाबरलेल्या अवस्थेतला एक आकडा काहीच सांगत नाही. बारा तास दर दोन तासांनी मोजून आलेख काढावा लागतो, किंवा माणसांसाठीचा फ्रीस्टाइल लिब्रेसारखा सेन्सर लावून काही दिवसांचं चित्र बघावं लागतं. डोस जास्त होऊन साखर मध्येच खाली गेली की शरीर ती उसळी मारून वर नेऊ शकतं. नेमकी ती उसळी मोजली की आपण डोस आणखी वाढवतो.

यानंतर शरीरातली कारणं. किडलेले दात, लघवीतला जंतुसंसर्ग, स्वादुपिंडाची सूज. लघवीत साखर असली की जंतूंना आयतं जेवण मिळतं, म्हणून लघवीचं कल्चर आधी.

आणि मादी असेल, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नसेल, तर कुशिंगचं नाव काढण्याआधी विचारायचा प्रश्न: ती माजावर कधी आली होती? माज संपल्यावर साधारण दोन महिने प्रोजेस्टेरॉन चढलेलं असतं. त्याच्या प्रभावाखाली कुत्रीच्या स्तनग्रंथींतून ग्रोथ हॉर्मोन सुटतं आणि ते इन्सुलिनला चक्क आडवं येतं. माझ्या मावसबहिणीच्या लॅब्रेडोरची साखर दर सहा महिन्यांनी अशीच बिथरायची. गर्भाशय आणि बीजकोश काढल्यावर डोस उतरला. परदेशी मजकूर भाषांतरित करून फिरवणाऱ्यांना हा मुद्दा सुचत नाही, कारण अमेरिकेसारख्या ठिकाणी बहुतेक पाळीव कुत्र्यांचं ऑपरेशन लहानपणीच झालेलं असतं. आपल्याकडे "एकदा पिल्लं होऊ देत" म्हणत दहा वर्षं निघून जातात.

"खूप पाणी, खूप लघवी, खूप भूक, सुटलेलं पोट"

यातली पहिली तिन्ही लक्षणं मधुमेहाचीही आहेत. रक्तातली साखर १८० ते २२०च्या वर गेली की कुत्र्याच्या मूत्रपिंडातून ती लघवीत सांडते, सोबत पाणी ओढून नेते, मग तहान. साखर ताब्यात नसलेल्या कुत्र्यात या तिन्हींवरून कुशिंग ओळखणं म्हणजे पावसाळ्यात ओल्या भिंतीवरून नळ गळतोय असं ठरवणं. पाणी मात्र मोजाच, किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटरच्या वर गेलं तर ते जास्त. बंड्यासाठी ही रेघ १.२ लिटर.

उपयोगी पडतात ती मधुमेहाने न होणारी लक्षणं. मधुमेही कुत्रा खाऊन खाऊन वाळतो. कुशिंगचा कुत्रा हातापायांनी बारीक पण पोटाने घागर होतो, कारण यकृत मोठं होतं आणि पोटाचे स्नायू सैल पडतात. अंगाच्या दोन्ही बाजूंचे केस सारखेच विरळ होतात, आणि खाज नसते. कातडी पातळ, पोटावर काळे ठिपके, कधी कातडीत चुन्यासारखे कडक खडे. गारव्यातही धापा टाकणं. सेन्सरसाठी किंवा सोनोग्राफीसाठी भादरलेली जागा महिनोन् महिने उघडीच राहते, ही खूण मधुमेही कुत्र्याच्या घरात फुकट मिळते, ती बघत जा. लघवीची घनता हीसुद्धा चांगली खूण. साखर असलेली लघवी सहसा घट्ट येते; साखर असूनही ती १.०२०च्या खाली पातळच येत असेल तर डॉक्टरांचे कान टवकारतात.

आणि ज्या कुत्र्याने खाणं सोडलंय, ओकतोय, मलूल पडलाय, त्याच्यात कुशिंग शोधत बसू नका. कुशिंगचा कुत्रा ताट चाटून पुसून ठेवतो. न खाणाऱ्या मधुमेही कुत्र्यात किटोॲसिडोसिसची, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्त आम्लधर्मी होण्याची, भीती असते, आणि ती वेळ रात्री मेसेज वाचण्याची नसते, गाडी काढण्याची असते.

"एएलपी वाढलं म्हणजे खात्री"

कुत्र्यांच्या यकृतात स्टेरॉइडमुळे वाढणारा एएलपीचा एक खास प्रकार असतो, त्यावरून ही समजूत निघाली असावी. पण मधुमेहातही यकृतात चरबी साठते आणि एएलपी वाढतं, कोलेस्टेरॉलही वाढतं. एएलपी नॉर्मल आलं तर कुशिंगची शक्यता थोडी घटते, इतकाच त्याचा उपयोग.

"सकाळी आठला कॉर्टिसोल, बास"

सकाळचा आग्रह माणसांवरून आलाय. माणसात कॉर्टिसोल पहाटे चढतं आणि रात्री उतरतं. कुत्र्यांत असा ठळक दिनक्रम दिसत नाही, ते दिवसभर लाटांसारखं वरखाली होतं. त्यात रिक्षातून आलेला, अनोळखी वासाने भेदरलेला कुत्रा. त्याचं कॉर्टिसोल वाढणारच. आणि रिपोर्टवर शेजारी छापलेली "नॉर्मल" रेंज माणसाची असते, हे वेगळंच. सुटं कॉर्टिसोल कुशिंग सिद्ध करत नाही. ते बऱ्यापैकी आलं तर ॲडिसन, म्हणजे याच्या नेमका उलटा आजार, बहुधा नाही इतकं सांगतं.

ज्याला "धंदा" म्हटलंय त्या दिवसभराच्या चाचणीत होतं ते असं. आधी रक्त घेतात, मग शिरेतून डेक्सामेथासोनचा अगदी छोटा डोस, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, बंड्याला ०.१२. मग चार तासांनी आणि आठ तासांनी पुन्हा रक्त. निरोगी शरीर बाहेरून आलेलं स्टेरॉइड ओळखतं आणि स्वतःचं कॉर्टिसोल बंद करतं. कुशिंगच्या कुत्र्यात आठव्या तासालाही ते दबत नाही. ग्रंथी आज्ञा पाळते का, हे बघायचं असतं, आणि आज्ञा द्यायला नि वाट बघायला वेळ लागतोच. दुसऱ्या चाचणीत कृत्रिम एसीटीएच, म्हणजे कॉर्टिसोल बनवायचा हुकूम देणारं हॉर्मोन, टोचून तासाभराने कॉर्टिसोल किती उसळतं ते बघतात.

या चाचण्या खोट्या पॉझिटिव्हही येतात, आणि आपल्या विषयात हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. साखर बेताल असलेला कुत्रा आधीच ताणात असतो, त्याचं कॉर्टिसोल आजारामुळेच चढलेलं असतं. अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरनरी इंटर्नल मेडिसिनने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या एकमत-निवेदनाचा सूरही हाच आहे: लक्षणं जुळत असतील तरच चाचणी करा, दुसरा गंभीर आजार असेल तर आधी तो आवरा, आणि एकही चाचणी बिनचूक समजू नका. सोनोग्राफीचंही तेच. मूत्रपिंडाजवळच्या ॲड्रिनल ग्रंथी नुसत्या आजारपणानेही थोड्या फुगतात. कुशिंग ठरल्यावर ते कुठून येतंय हे कळायला सोनोग्राफी खरी कामाची: शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी कुत्र्यांत मूळ मेंदूच्या तळाशी पिट्युटरीत असतं आणि दोन्ही ॲड्रिनल मोठ्या दिसतात, उरलेल्यांत सहसा एकाच ॲड्रिनलवर गाठ असते.

कुशिंगचा एक प्रकार मात्र कुठल्याच ग्रंथीतून येत नाही, तो कपाटातून येतो. मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही. खाजेसाठी महिनोन् महिने दिलेल्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, कानात टाकायचे स्टेरॉइडवाले थेंब, आणि आपल्याकडे किराणा घ्यावा तशी घेतली जाणारी ती तीन-चार औषधं एकत्र असलेली मलमं, ज्यात क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असतं. घरातल्या माणसाने आपल्या गजकर्णाला लावलेलं मलम कुत्रा चाटतो, तेही धरा. डॉक्टरांकडे जाताना या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या. पण गोळ्या चालू असतील तर त्या मनाने एकदम तोडू नका, आळसावलेल्या ग्रंथी लगेच कामाला लागत नाहीत.

"ट्रायलोस्टेन सुरू करा, इन्सुलिन बंद होतं"

हा भाग धोकादायक आहे. ट्रायलोस्टेन कॉर्टिसोल तयार होण्याची वाटच अडवतं. कुशिंग खरोखर असेल तर उत्तम औषध. नसेल, तर चांगल्या कुत्र्याचं कॉर्टिसोल तळाला जातं: उलट्या, थरथर, कोसळणं. आणि मधुमेही कुत्रा ओकून उपाशी राहिला, तरी घरच्यांनी सवयीने सुई दिली, तर साखरही कोसळणार. खरं कुशिंग असलं तरी कॉर्टिसोल उतरू लागलं की तेच इन्सुलिन जास्त ठरू लागतं, म्हणून औषध सुरू करताना साखर रोज बघावी लागते आणि डोस डॉक्टरांनी उतरवायचा असतो. उतरतो, बंद बहुतेक होत नाही. कुत्र्याच्या मधुमेहात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच सहसा संपलेल्या असतात. माजामुळे आलेला मधुमेह वेळेत ऑपरेशन केल्यावर कधीकधी जातो, तेवढा अपवाद सोडला तर सुई थांबवणं म्हणजे किटोॲसिडोसिसला बोलावणं.

अश्वगंधा: कुत्र्यातलं कुशिंग तिने आवरतं याला भरवशाचा आधार नाही. पिट्युटरीतल्या गाठीला मुळीची पूड कळत नाही.

बंड्याची गोष्ट अर्धी राहिली. योग्य सिरिंजवर साखर महिनाभरात खाली आली, पण तहान माझ्या मनाला पटेना. तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यात स्वस्त आणि कमी त्रासाची चाचणी सुचवली: लघवीतलं कॉर्टिसोल आणि क्रिएटिनिनचं प्रमाण. ते वाढलेलं आलं तर फारसं काही सिद्ध होत नाही, पण नॉर्मल आलं तर कुशिंगचा विषय जवळपास मिटतो. अट एकच, लघवी घरी, शांतपणे, सकाळची धरायची. दवाखान्यात नेऊन नाही. बंड्या पाय वर करून जेमतेम दोन सेकंद देतो. पहिल्या दिवशी वाटी चुकली, दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे संशयाने बघत पुढच्या झाडाकडे गेला. तिसऱ्या दिवशी लांब दांड्याचा आमटीचा डाव घेऊन मी त्याच्या मागे वाकून चालत होतो आणि सोसायटीचे चेअरमन समोरून आले. त्यांनी काही विचारलं नाही.

प्रमाण नॉर्मल आलं. तो डाव आता घरात घ्यायला बायको तयार नाही, जिन्याखाली ठेवलाय.