आत्याच्या हृदयाचे दोन टक्के

माझी आत्या खानापूर तालुक्यात राहते. वय 71, रक्तदाबाची एक गोळी चालू, पण विहिरीवरून पाणी आणताना अजून दम लागत नाही. गेल्या महिन्यात मोतीबिंदू काढण्यासाठी तिला बेळगावला नेले, तेव्हा ईसीजी व्यवस्थित असूनही ‘आधी टूडी एको करून आणा’ असे सांगण्यात आले. टूडी एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. चिठ्ठीवर तपासणीच्या कारणापुढे एकच शब्द होता : ‘रूटीन’. दीड हजार रुपये आणि सबंध दिवस गेला. मागच्या वर्षीच्या रिपोर्टात हृदयाची पंपिंग क्षमता, म्हणजे ईएफ, 60 टक्के होती. या वेळी 58 आली. परतीच्या बसमध्ये आत्याने विचारले, “दोन टक्के कुठं गेले रे?”

ते कुठेही गेलेले नव्हते. तोच रुग्ण आणि तेच यंत्र असले तरी दोन वेगळ्या हातांनी काढलेल्या आकड्यांत पाच-सहा टक्क्यांचा फरक सहज पडतो, आणि 58 हा आकडा पूर्णपणे सामान्य आहे. हे तिला पटवायला खानापूर येईपर्यंतचा वेळ लागला. पुढे रिपोर्टात ‘ट्रिव्हियल टीआर’ असेही होते. झडपेतून होणारी अशी नाममात्र गळती बहुतेक निरोगी माणसांतही दिसते, पण घरात मात्र ‘वॉल्व्ह गळतोय’ अशी बातमी पोहोचली. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो, मग करून घेतली तर बिघडले काय, असे विचारणाऱ्यांना मी हे दोन प्रसंग सांगतो.

अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी 2007 मध्ये आणि सुधारून 2011 मध्ये एको केव्हा योग्य याचे निकष प्रसिद्ध केले. प्रत्येक परिस्थितीला 1 ते 9 गुण : 7 ते 9 योग्य, 4 ते 6 अनिश्चित, 1 ते 3 अयोग्य. हृदयविकाराचे कोणतेही लक्षण वा खूण नसताना केवळ शस्त्रक्रियेपूर्वी म्हणून केलेला एको त्यात अयोग्य ठरतो. झडप किंचित अरुंद असून तक्रार नसेल, तर तीन वर्षांच्या आत नुसता पुन्हा पाहण्यासाठी केलेला एकोही तसाच. याउलट नव्याने लागणारी धाप, पायांवरची सूज, स्टेथोस्कोपमध्ये ऐकू आलेला मर्मर (हृदयाचा जादा आवाज), हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असणे, अशा वेळी तो करायलाच हवा. भूल देणाऱ्या डॉक्टरांची भीती मला कळते. उद्या काही झाले तर नातेवाईक त्यांनाच धरणार. परंतु त्या भीतीवर एको हा उतारा नव्हे. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले ब्लॉकेज त्यात थेट दिसतही नाही, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

आता दुसरी बाजू. जांबोटीकडच्या आमच्या ओळखीच्या घरातली सून सात महिन्यांची गर्भवती असताना “झोपलं की दम लागायलाय” म्हणत होती. रक्त कमी आहे म्हणून तोवर तीन महिने लोहाच्या गोळ्या चालल्या होत्या. अखेर एका वयस्कर डॉक्टरांनी तिला डाव्या कुशीवर वळवून छातीला निवांतपणे स्टेथोस्कोप लावला आणि त्याच दिवशी एकोला पाठवले. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने डावीकडची झडप आकसलेली निघाली. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण वाढते, अरुंद झडपेतून ते पुढे सरकत नाही आणि फुप्फुसांत दाब चढतो. त्या एका एकोने तिची औषधे बदलली, बाळंतपणाचे ठिकाण बदलले.

म्हणून आता कोणी एको लिहून दिला की मी नम्रपणे एवढेच विचारतो, “रिपोर्ट असा आला तर काय कराल आणि तसा आला तर काय?” कानडीतही हे वाक्य पाठ करून ठेवले आहे. काही डॉक्टर त्रासिक चेहरा करतात. काही मात्र खुर्ची पुढे ओढून समजावून सांगतात.

आत्याच्या फाईलच्या आतल्या बाजूला मी तिच्या तिन्ही एकोंच्या तारखा आणि कारणे लिहून ठेवली आहेत. पहिल्यापुढे ‘छातीत धडधड’, दुसऱ्यापुढे ‘मोफत शिबिर’. तिसऱ्यापुढची जागा कोरी आहे.