शक्यतो बटाटा व्हा

तुमच्या बागेत दोन-सव्वादोन टन डाळिंब तोडणीला आलंय, बाजार पडलाय, आणि "पंधरा-वीस दिवस माल थांबवला तर चार पैसे जास्त होतील" असं तुमच्या मनात आलं असेल, तर आधी तुमचं अभिनंदन. असा विचार करणाऱ्याला सरकारी भाषेत प्रगतिशील शेतकरी म्हणतात. गावात काय म्हणतात ते इथं लिहीत नाही. गेल्या आंबे बहाराला, म्हणजे डाळिंबाच्या एका हंगामाला, मीही प्रगतिशील झालो होतो. एकशे बारा क्रेट. पितृपक्ष तोंडावर, व्यापारी किलोला ७२ च्या वर बोलेना, म्हटलं घटस्थापनेपर्यंत थांबू, माल कोल्ड स्टोअरेजला लावू. त्या अनुभवातून जे शहाणपण आलं ते वाटून टाकतो. फुकट आहे, घ्या.

पहिलं म्हणजे, देशात साठवणुकीची सोय नाही ही अफवा मनातून काढून टाका. आठ हजारांच्या वर शीतगृहं आहेत आपल्याकडं. क्षमता चारशे लाख टनांच्या घरात. भाषणात हा आकडा फार छान वाटतो, टाळ्या पडतात. तुमचे सव्वादोन टन त्यात म्हणजे उजनी धरणात तांब्या. अट एकच, आणि तीही बारीक: तुमचा माल बटाटा असायला हवा. कारण या क्षमतेचा सिंहाचा वाटा वर्षानुवर्षं एकट्या बटाट्याकडं आहे. निम्म्याहून जास्त जागा उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल या दोनच राज्यांत. आग्रा, फर्रुखाबाद, हुगळी. फेब्रुवारी-मार्चात गोणी आत, दिवाळीच्या पुढंमागं गोणी बाहेर, तापमान दोन ते चार अंश, विषय संपला. (बटाटेवाले तरी सुखी आहेत का, हे त्यांनाच विचारा. पण निदान दार कुठं आहे ते त्यांना माहीत असतं.) महाराष्ट्राच्या वाट्याला सगळं मिळून दहा लाख टनांच्या आसपास. द्राक्ष, डाळिंब, केळी, संत्रा, कांदा, बेदाणा, सगळ्यांनी मिळून त्यात मावायचं. तेव्हा जमलं तर आपली जमीन हुगळीला हलवा. ते जमत नसेल तर शक्यतो बटाटा व्हा.

दुसरं: कांदा असेल तर अजिबात काळजी करू नका, त्याची काळजी दिल्ली घेते. ८ डिसेंबर २०२३ ला घेतली होती, निर्यातबंदी करून.

तिसरा सल्ला फोनचा. "जागा आहे का?" असं कधीही विचारू नये. "किती जागा लागणार?" असं समोरच्यानं विचारलं की "दोन गाड्या" म्हणावं, मग तो बोलतो. मी खरं सांगून बसलो, एकशे बारा क्रेट. पहिल्यानं हसून फोन ठेवला. दुसरा म्हणाला, आमच्याकडं सगळं व्यापाऱ्यांचं बुकिंग आहे, सीझनचं, लूज माल घेत नाही. तिसऱ्यानं फोन उचलला नाही, म्हणून मी प्रत्यक्ष गेलो. इमारत उत्तम. पांढरा पत्रा, निळी पट्टी, दाराशी उद्घाटनाची संगमरवरी पाटी, तिच्यावर नावं इतकी की शेवटच्या दोघांना कडेला उभं लिहिलंय. कुलूप. पलीकडच्या टपरीवाल्यानं सांगितलं, पाटी बसली त्या वर्षी सुरू होतं. आता आत सिमेंटची पोती असतात. तर ज्यांना असं काही उभं करायचंय त्यांच्यासाठी जाता जाता: केंद्राच्या योजनांत साधारण ३५ टक्के अनुदान असतं, डोंगराळ आणि अवघड भागाला ५० पर्यंत. मशीन तपासणीच्या दिवशी चाललं पाहिजे. बाकीच्या दिवसांबद्दल योजना फारशी काही विचारत नाही.

चौथं. माल तोडल्यावर लगेच थंड करा. शास्त्र आहे ते. झाडावरून फळ उतरतं तेव्हा उन्हाची सगळी गरमी पोटात घेऊन उतरतं, ती लवकर काढली नाही तर पुढं कितीही थंड खोलीत ठेवा, त्याचं आयुष्य आधीच सरलेलं असतं. त्यासाठी बांधाजवळ पॅकहाऊस, म्हणजे माल निवडून भरायची शेड लागते, तिथं प्रीकूलिंग, तिथून पुढं रीफर, म्हणजे थंड डब्याची गाडी. २०१५ साली सरकारनंच या सगळ्याचा हिशेब मांडला होता. देशाला पॅकहाऊस हवीत ७०,०८०. होती किती? २४९. हजार वगैरे राहिलं नाहीये लिहायचं, दोनशे एकोणपन्नासच. रीफर गाड्या हव्यात जवळपास ६२ हजार, होत्या नऊ हजार. आणि मोठ्या गोदामांची तूट मात्र जेमतेम दहा टक्के. म्हणजे घर बांधून तयार आहे, फक्त वाट आणि उंबरा बांधायचा राहिलाय. हा कागद येऊनही दहा वर्षं झाली, आणि अजून ज्याला त्याला गोदामच बांधायचंय. कारण पॅकहाऊसपुढं पाटी बसवली तर ती वाचायला बांधावर कोण येणार? आमचं प्रीकूलिंग म्हणजे चिंचेची सावली आणि क्रेटवर ओलं पोतं. चालतं. चालवून घ्यावं लागतं.

पाचवं, रेल्वे. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल, म्हणजे शेतमालाची सवलतीच्या भाड्यातली गाडी, आमच्याच भागातून, सांगोल्यातून थेट बंगालमधल्या शालिमारला सुटली होती. खुद्द पंतप्रधानांनी झेंडा दाखवला. फोटो जपून ठेवलाय. पुढं भाड्याची सवलत आटली. फोटो चांगला आलाय पण.

आता खोली. इथं जरा नीट लक्ष द्या, कारण माझी पट्टी, म्हणजे मालाचे पैसे, इथंच बुडाली.

चौथ्या ठिकाणी मला जागा मिळाली. बेदाण्याचं कोल्ड. सप्टेंबरात बेदाणा बराच निघून गेलेला असतो, म्हणून एका खोलीचा कोपरा रिकामा होता. मॅनेजर म्हणाला, "या दादा, पाच अंशाला आहे, डाळिंबाला पाचच लागतं की." बरोबर बोलला. पाच-सहा अंशच लागतं. पण डाळिंबाला त्याच्या जोडीला हवेत नव्वद-पंच्याण्णव टक्के ओल लागते, आणि बेदाण्याचं नेमकं उलटं. त्याला ओल लागली की त्याचा गोळा होतो, म्हणून ती खोली कोरडी ठणठणीत ठेवतात. हे मला माहीत नव्हतं का? होतं. अर्धवट होतं. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, त्यांच्या मेळाव्याला दोनदा जेवून आलोय मी. विचारलं मी त्याला, ह्युमिडिटीचं काय? तो म्हणाला, "दादा, एवढं बघत बसलो तर धंदा करायचा कधी?" आणि मी, शहाणा माणूस, हसलो. क्रेट लावून घेतले. अठरा दिवस तो पंखा माझ्या फळांवर कोरडी हवा मारत होता, रात्रंदिवस. रात्रंदिवस म्हणजे लाईट असेल तेव्हा. मधे दोनदा रात्री लाईट गेली. जनरेटर आहे, दारातच आहे, मोठा आहे, पण चार-सहा खोक्यांसाठी डिझेल कोण जाळतो? मग गरम झालेली खोली पुन्हा थंड, पुन्हा गरम. दाराबाहेर लाल आकडा ५.० दाखवतोय, कायम ५.०. तो सेन्सर पंख्यापुढं लावलेला. आमच्या कोपऱ्यात काय चाललंय ते त्या कोपऱ्यालाच ठाऊक. घटस्थापनेच्या दोन दिवस आधी माल काढायला गेलो तर भगव्याचा (आमच्या डाळिंबाची जात) भगवेपणा गेलेला. साल तपकिरी, कडक, जुन्या चपलेच्या तळव्यासारखी. दोन क्विंटल वजन नुसतं हवेत गेलं होतं. फोडून बघितलं तर आत दाणे लालभडक, गोड, काही झालेलं नाही. पण लिलावात आधी साल बघतात. ७२ नाकारून माल ठेवला होता, ४१ नं गेला. घरी आल्यावर बायको काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मॅनेजरला जाब विचारला. त्यानं पावती उलटी करून दाखवली. त्यावरून सहावा सल्ला: पावती मागच्या बाजूनं वाचायला सुरुवात करा. पुढं तुमचं नाव, क्रेटची संख्या आणि भाड्याचा दर. मागं, मुंगीला चष्मा लागेल एवढ्या अक्षरांत, "मालाच्या प्रतीबाबत, वजनघटीबाबत व वीजपुरवठ्याबाबत मालक जबाबदार राहणार नाही." मग राहिलं काय? चार भिंतींना जबाबदार आहे तो. भिंती जागेवर होत्या, ते मी मान्य करतो.

सातवा सल्ला, की आठवा, मोजायचं सोडलंय मी. शहरातल्या भाच्याला हे सांगू नका. तो म्हणतो, "मामा, तुम्ही लोकांनी व्हॅल्यू ॲडिशन करायला हवं." त्याच्या फ्रिजमध्ये तीन लिंबं दिवाळीपासून पडलीत. फ्रिज चालू आहे, दार लागतं, लाईट जात नाही, तरी वाळलीच ना? त्याला त्यातून काही सुचत नाही.

आणि शेवटी नासाडीचं रडगाणं तेवढं गाऊ नका, ते गायला तज्ज्ञ आहेत. लुधियानाच्या काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेनं (सिफेट) २०१५ मध्ये मोजून सांगितलंय, शेतमालाची वर्षाची नासाडी ९२,६५१ कोटी रुपयांची. पेरूची जवळजवळ सोळा टक्के, टोमॅटोची बारा. हे आकडे मी पाठ केलेत, कारण शीतगृहाची मागणी करणाऱ्या प्रत्येक अर्जात, प्रत्येक भाषणात ते असतात. नासाडी दाखवून गोदाम मंजूर होतं, आणि मग त्या गोदामात माझा माल नासतो. तो कुठल्या रकान्यात धरतात? झाडाखाली सडलेलं मोजतात, भाडं भरून सडवलेलं मोजतं का कोणी?

बास. सल्ले संपले. आता सरळ बोलतो.

मला गोदाम नको होतं, मला खोली हवी होती. माझ्या फळाला लागेल तेवढी थंड, लागेल तेवढी ओली, आणि लाईट गेली की ज्याला झोप येणार नाही असा एक माणूस तिथं. तुम्ही सरकारवाले मोजता टन. इतके लाख टन उभे केले, पुढच्या पाच वर्षांत आणखी इतके. ती खोली, जिथं माझी डाळिंबं वाळली, तीही तुमच्या त्या चारशे लाखांत मोजलेली आहे. सिमेंटची पोती असलेलं ते कुलूपबंदही तुमच्या वहीत "कार्यरत" म्हणून नसेलच, असं छातीवर हात ठेवून सांगा. कोण जाऊन बघतं? पूर्वी केंद्राचा कोल्ड स्टोअरेज ऑर्डर होता, १९६४ चा, नंतर १९८० चा. परवाना, भाडं, सगळं त्यात. १९९७ ला तो काढून टाकला. काढला त्याचं दुःख नाही, त्या परवान्यापायी काय काय चालायचं ते जुन्या लोकांकडून ऐकलंय. पण त्याच्या जागी काय आणलंत? मालकानं रोजचं तापमान लिहून ठेवावं, ओल लिहून ठेवावी, लाईट किती वेळ गेली ते लिहावं, आणि माल ठेवणाऱ्यानं मागितलं की ते दाखवावं. एवढी एक वही सक्तीची करायला कुठल्या परदेशी तंत्रज्ञानाची वाट बघताय? अनुदानाचा शेवटचा हप्ता त्या वहीवर द्या, पाटीवर देऊ नका.

आणि मालक मंडळी, तुम्हीही. तुम्ही काही परके नाही. तुमचीही द्राक्षाची बाग आहे, तुमच्याही बापानं हुंडेकऱ्याच्या पायऱ्या झिजवल्यात. व्यापाऱ्याच्या दोन हजार बॉक्सला जपता तसे माझे एकशे बारा क्रेट जपायचे नव्हते, तर "जागा नाही" म्हणायचं होतं. नाही म्हणायला भाडं पडत नाही. ७२ नं देऊन टाकला असता मी माल, दोन शिव्या व्यापाऱ्याला दिल्या असत्या आणि विसरलो असतो.

आणि मीही हसलो, "धंदा करायचा कधी" म्हटल्यावर. तिथंच क्रेट परत गाडीत भरायला हवे होते. गाडीवाला उभाच होता.

परवा त्या मॅनेजरचा फोन आला. म्हटलं, चला, काहीतरी भरपाईचं बोलतोय बहुतेक. तर म्हणाला, "दादा, अठरा दिवसांचं भाडं राहिलंय. हमाली वेगळी."