“बोटीला स्वतःला बांधून घेऊ नका” हा सल्ला जीवघेणा आहे

एकट्याने सेलिंग करणाऱ्यांसाठी म्हणून एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, मलाही बऱ्याच जणांनी पाठवला. सार असं की टेदर (अंगावरच्या हार्नेसपासून बोटीला हुकने अडकवायचा पट्टा) लावून स्वतःला बोटीला बांधू नका, पडलात तर बोट फरफटत नेऊन बुडवते. त्यापेक्षा लाईफजॅकेट घाला, मागे पन्नास फूट दोर सोडून ठेवा, पोहता येत असेल तर दोर धरून परत येता येतं, आणि नाहीच जमलं तर अंगावर बीकन (संकटाचा सिग्नल पाठवणारं छोटं यंत्र) आहे, कोस्टगार्ड येईल. गोव्यात बांधलेल्या म्हादेई या शिडाच्या बोटीवरून कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, त्यांच्याबद्दल वाचून या वाटेला लागणारी नवीन मुलं असला मेसेज खरा मानतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

पोहण्याचं आधी. तुम्ही पडलात हे ऑटोपायलटला कळत नाही, बोट आपल्या कोर्सवर जात राहते. 5 नॉट म्हणजे सेकंदाला अडीच मीटरच्या वर. जगातले सगळ्यात वेगवान पोहणारे 50 मीटरला साधारण 21 सेकंद घेतात, म्हणजे सेकंदाला 2.4 मीटर, तेही पूलमधल्या शांत पाण्यात आणि तेवढ्याच अंतरापुरतं. तुम्ही कपडे, बूट आणि फुगलेलं जॅकेट घालून लाटेत आहात. आपला समुद्र गरम आहे, युरोपातल्यासारखा थंडीचा झटका बसत नाही हे मान्य, पण त्याने बोटीचा वेग कमी होत नाही.

मग दोर. पन्नास फूट म्हणजे 15 मीटर, 5 नॉटला तो सहा सेकंदांत तुमच्या बाजूने निघून जातो. तोंडातलं पाणी थुंकून, डोळे पुसून, दोर डावीकडे की उजवीकडे ते बघेपर्यंत टोक पुढे गेलेलं असतं. दोर लांब ठेवला आणि हातात आलाही, तरी ओला दोर मुठीतून सरकतो आणि छातीवर पाण्याचा मारा घेत हातांवर पुढे सरकणं भल्याभल्यांना जमत नाही. काही जण तोच दोर विंडवेनला (वाऱ्याच्या दिशेवर बोट आपोआप चालवणाऱ्या यंत्राला) असा जोडतात की ओढला की वेन सुटते आणि बोट वाऱ्यात तोंड घालून थांबते, हे नुसत्या दोरापेक्षा बरं आहे, पण तो आधी हातात यायला हवा आणि बोटही तशी वळणारी हवी.

आता टेदर. यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोकांना पटतं. 2011 मध्ये इंग्लिश चॅनेलमध्ये लायन नावाच्या यॉटचा स्कीपर पुढचं शीड बदलताना पडला, टेदर लावलेला होता, बोटीला चिकटूनच फरफटत गेला आणि सोबत क्रू असूनही त्याला वर घेईपर्यंत तो बुडाला होता. 2017 च्या क्लिपर या जगप्रदक्षिणेच्या रेसमध्ये तर टेदरचा हुक डेकवरच्या एका क्लीटखाली (दोर बांधायच्या खुंटीखाली) अडकला, त्यावर आडवा जोर आला, हुक वाकून उघडला आणि माणूस गेला. पण यावरून टेदर सोडून द्या असं कसं निघतं? टेदर आखूड करा आणि तो कुठे लावायचा ते बदला, असं निघतं. एरिक टाबार्ली, फ्रान्सचा एवढा मोठा नाविक, 1998 मध्ये रात्री वेल्सजवळच्या समुद्रात बोटीवरून पडला, हार्नेस नव्हता, सोबत माणसं होती तरी त्या रात्री मिळाला नाही. एकट्याच्या बोटीवर तर वळून शोधणारं कोणीच नाही.

म्हणजे करायचं काय, तर मुळात पाण्यात जायचंच नाही. तीस फुटी बोट साधारण तीन मीटर रुंद असते. जॅकलाईन (टेदरचा हुक अडकवायला डेकवर पुढून मागे बांधतात ती पट्टी) कडेच्या डेकवर बांधून 2 मीटरचा टेदर लावलात तर तुम्ही सरळ पाण्यात लोंबकळणार. तीच जॅकलाईन मधून नेली, ताणून बांधली आणि 1 मीटरचा टेदर लावला तर रेलिंगच्या आतच पडता, गुडघा फुटेल पण बोटीवर राहाल. दोन फाट्यांचा टेदर घ्या, एक आखूड एक लांब, म्हणजे मास्टपाशी (शिडाच्या खांबापाशी) पलीकडे जाताना एक हुक सोडायच्या आधी दुसरा लागलेला असतो. जॅकलाईन चपट्या पट्टीची हवी, गोल दोर पायाखाली फिरतो. ती स्टर्नच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या टोकाच्या, बरीच अलीकडे संपवा, नाहीतर मागून बाहेर जाल. रेलिंगच्या तारेला हुक लावू नका. आणि केबिनच्या दारातून बाहेर पाय टाकायच्या आधी आत उभं राहूनच हुक लावायचा, हे शांत हवेतसुद्धा, लघवीला उठलात तेव्हासुद्धा (त्यासाठी कडेला उभं राहूच नका, बादली वापरा).

लाईफजॅकेट घाला, मांड्यांमधून जाणारा पट्टा लावून घाला, पण ते तरंगवतं, परत आणत नाही.

बीकन हवाच आणि तो अंगावर हवा. पण एआयएस बीकन (जहाजांच्या आपसातल्या रेडिओ यंत्रणेवर चालणारा) जवळच्या जहाजांना कळवतो, तुमच्या रिकाम्या बोटीवर तो अलार्म ऐकायला कोण आहे? सॅटेलाईटवाल्या बीकनने कोस्टगार्डपर्यंत निरोप जातो, पण यायला तास लागतात आणि शोधायचं असतं लाटांमधलं एक डोकं. 2018 मध्ये आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी एकट्याने रेस करताना दक्षिण हिंदी महासागरात पाठ मोडून पडले होते, मास्ट गेली होती, मदत पोचायला तीन दिवस लागले, आणि ते तीन दिवस काढता आले कारण ते बोटीवर होते.

एक काम सीझन सुरू व्हायच्या आधी करा. नांगरावर असताना, कोणीतरी सोबत ठेवून, जॅकेट-हार्नेससकट पाण्यात उतरा आणि मदत न घेता वर चढून बघा. वर दुमडलेली शिडी पाण्यातून खाली ओढता येते का हेही तेव्हाच कळेल, येत नसेल तर तिला दोरी बांधून हाताला लागेल अशी खाली सोडा. आणि तो मेसेज ज्यांना पुढे पाठवला असेल त्यांना टेदरची ओळ चुकीची आहे हे कळवा, ऑक्टोबरात बोटी पुन्हा पाण्यात जातील त्याच्या आत.