बुडालेली मोटार कंपनी विकत घेताना

इलेक्ट्रिक गाड्यांची कंपनी काढायचं मनात घाटत असेल, तर माळरानावर नवा नारळ फोडायला जाऊ नका. नारळ जपून ठेवा, पुढे लागेल. आधी एखादी बुडालेली कंपनी हेरा. कारखाना, यंत्रं आणि हात चोळत बसलेले कसबी कामगार, सगळं आयतं मिळतं. स्वीडनमधल्या ट्रोलहेत्तानला १९ डिसेंबर २०११ रोजी साब या मोटार कंपनीचं दिवाळं वाजलं आणि जून २०१२ मध्ये 'नॅशनल इलेक्ट्रिक व्हेईकल स्वीडन' उर्फ नेव्स या कोऱ्या कंपनीने तो संसार उचलला. (इच्छुकांत आपल्या महिंद्राचंही नाव घेतलं जात होतं. वाचले.)

काय विकत घेतोय ते फार बारकाईने वाचू नका, उत्साह मावळतो. मोठ्या ९-५ गाडीचे हक्क जनरल मोटर्सकडे. सुट्या भागांचा धंदा कर्जापोटी सरकारकडे. 'साब' हे नाव विमानवाल्या साबचं, ते वापरण्यापुरतं उसनं. आणि बोनेटवरचा तो मुकुटधारी ग्रिफिन, म्हणजे आपल्या गडांच्या दरवाजांवर शरभ असतो ना, त्याचा चुलतभाऊ, तो तर मिळणारच नाही; त्यावर ट्रकवाल्या स्कॅनियाचाही हक्क. थोडक्यात, घर आपलं, दारावरची पाटी भाड्याची आणि गणेशपट्टी शेजाऱ्यांची.

आता पहिली गाडी. नावात 'इलेक्ट्रिक' आहे म्हणून बिचकू नका, बिनधास्त पेट्रोलची काढा. नेव्सने डिसेंबर २०१३ मध्ये साबची जुनी ९-३ ही गाडी टर्बो इंजिनासकट पुन्हा लाइनवर चढवली. चारेकशे गाड्या झाल्या न झाल्या तोच मे २०१४ उजाडला आणि तिजोरीत खडखडाट. चीनमधल्या छिंगदाओ शहराच्या गुंतवणूक कंपनीकडून पैसे येणार होते. 'येणार होते' हे रूप घोकून ठेवा, या धंद्यात एवढं व्याकरण पुरतं. ऑगस्टपर्यंत देणेकरी कोर्टाच्या पायरीवर, आणि उसनं नावही परत गेलं.

अशा वेळी खचायचं नाही, प्रचंड ऑर्डर जाहीर करायची. डिसेंबर २०१५ मध्ये पांडा न्यू एनर्जी या चिनी कंपनीची दीड लाख इलेक्ट्रिक ९-३ ची ऑर्डर आली, २०२० पर्यंत द्यायच्या बोलीवर. बाजारात तुरी असतात तशा या गाड्या होत्या.

तरीही भागलं नाही तर बिल्डर गाठा. एव्हरग्रांद या चिनी बिल्डर कंपनीने जानेवारी २०१९ मध्ये ९३ कोटी डॉलर मोजून ५१ टक्के हिस्सा घेतला. फ्लॅट बुक करून ताब्यासाठी ज्यांनी चपला झिजवल्यात, त्यांना पुढचं सांगायला नको. २०२१ संपता संपता एव्हरग्रांदनेच कर्ज थकवलं.

एक पथ्य मात्र पाळा. इंजिनिअरांना मनासारखी गाडी करू द्यायची ती अगदी शेवटी. नेव्सच्या लोकांनी एमिली जीटी बनवली: चारही चाकांत मोटर, एका चार्जिंगवर हजार किलोमीटरचा दावा. ती जगासमोर येण्याच्या सुमारासच, मार्च २०२३ मध्ये, ३४० पैकी ३२० जणांना निरोप ठरला. सुरुवातीला जपलेला नारळ इथे द्यायचा. कंपनी बंद पडली असं मात्र म्हणायचं नाही, शीतनिद्रेत गेली म्हणायचं.

उरलेल्या वीस जणांना सांभाळा. साबची किल्ली स्टिअरिंगपाशी नाही, दोन सीटांच्या मधे, गिअरजवळ लागते, हे पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला कुणीतरी हवं.