किल्लारीनंतरची परात
अस्थिर काळात रोजची साधी कामं सोडू नका, असं एका लेखात वाचलं, ते मला मनापासून पटलं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेलं. आमचं गाव औसा तालुक्यात. घर उभं राहिलं, पण छताखाली झोपायची कुणाची छाती होईना. सगळी गल्ली पत्र्याच्या आडोशाला. तिथंही आई पहाटे सडा टाकायची, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापायची. शेजारच्या काकूंची माहेरची माणसं किल्लारीत भूकंपात दगावली होती. त्या बोलतच नव्हत्या. आईनं समजूत घातली नाही, रोज फक्त परातीजवळ बसवलं. एक दिवस त्यांनी स्वतःहून पीठ मळायला घेतलं आणि मळता मळता पहिल्यांदा रडल्या. किती वेळ रडत होत्या! आईनं चूल विझू दिली नाही.