पाहुणा वाजवून गेला, काकड्याला कोण?

गावच्या सप्ताहाचा फ्लेक्स व्हॉट्सअ‍ॅपवर आला तेव्हा इथं सकाळचे सहा वाजले होते आणि मी मुलीच्या कॉर्नेटच्या, म्हणजे छोट्या ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्याच्या, व्हॉल्व्हना तेल देत बसलो होतो. फ्लेक्सवर वर माउली-तुकोबा, त्याखाली कीर्तनकारांचे गोल फोटो आणि त्यांच्याहून अंमळ मोठा एक चौकोन. शेवटच्या दिवशीच्या काल्याच्या कीर्तनाला मृदंगसाथ (म्हणजे पखवाजच), अमुक महाराज, आळंदी. अगदी तळाशी, देणगीदारांच्या बारीक ओळीत माझं नाव आणि पुढं 'यु.के.'.

आमचं गाव मिरज तालुक्यातलं. गेली काही वर्षं काल्याला बाहेरचा पखवाजी आणायची पद्धत पडलीय आणि दरवर्षी त्यावरून ग्रुपवर रण माजतं. एक बाजू म्हणते, पाकीट देऊन आणलेल्याचं कसलं भजन? तुकोबांनी तर कीर्तनाच्या गावात अन्नसुद्धा घेऊ नये म्हटलंय. दुसरी म्हणते, मग काल्याला हजार माणूस बसवून चुकीच्या ठेक्यावर टाळ्या वाजवायच्या का? चांगलं ऐकायला आम्ही काय पुण्यालाच जायचं? खरं सांगायचं तर दुसऱ्यांचं मला पटतं. पाहुण्याचं पाकीट माझ्याच देणगीतून गेलंय, त्यामुळं पटून घेणं भागही आहे.

पण यंदा आप्पांचा फोन आला. आप्पा म्हणजे माझे चुलते, चाळीस वर्षं विणेकरी. त्यांचा धाकटा कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहे. दुसऱ्या पाळीवरून रात्री बाराला घरी येतो आणि सप्ताहात पहाटे साडेचारला काकड्याला पखवाज घेऊन बसतो. सात दिवस काकडा, सुटी मिळेल तेव्हा हरिपाठ, जागर, सगळं तोच. आठव्या दिवशी त्याला उठवून टाळकऱ्यांत उभं केलं.

"पाव्हणं झाक वाजवून गेलं बघ," आप्पा म्हणाले. "बोट असं फिरत हुतं की डोळं ठरत नव्हतं. पर पोरगं आता पखवाजाला हात लावंना. पुढल्या साली काकड्याला कोण, सांग."

मग त्यांनी आणखी एक सांगितलं. पाहुणा मोटारीतून उतरला तो कीर्तनाच्या अर्धा तास आधी. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्याला, लावायला कणीक हवी होती. ती मळून कोणी दिली? ह्याच पोरानं. कणीक सैल झाली तर आवाज बसतो, घट्ट झाली तर पुडीला धरत नाही. पाणी किती घालायचं हे त्याच्या बोटांना दहाव्या वर्षापासून ठाऊक आहे. त्यानं गोळा करून दिला, पाहुण्यानं "छान" म्हणून तो थापला, बाजूचे लाकडी गट्टे ठोकून पट्टी जुळवली आणि पोरगं पडवीतून टाळ आणायला गेलं.

मी राहतो यॉर्कशरमध्ये, हडर्सफील्डजवळ. हा ब्रास बँडचा मुलूख. पूर्वी लोकरीच्या गिरण्या आणि कोळशाच्या खाणी आपापले बँड बाळगायच्या; ब्लॅक डाइक मिलचा बँड १८५५ पासून त्याच नावानं वाजतोय. गिरण्या गेल्या, बँड राहिले. पंचवीस-तीस माणसं, सगळी पितळी वाद्यं आणि मागं ड्रमवाले. माझी पंधरा वर्षांची मुलगी अशाच एका गावबँडमध्ये तिसऱ्या कॉर्नेटवर बसते. मी खुर्च्या लावतो.

इथंही पाहुणे येतात, आणि आपल्यापेक्षा जास्तच. त्याला एक कारण वाद्यांतच आहे. कॉर्नेटपासून भल्या थोरल्या ट्यूबापर्यंत जवळजवळ सगळ्यांचं नोटेशन एकाच पद्धतीनं लिहिलेलं असतं आणि बोटंही तीच पडतात. ट्रॉम्बोनवाले तेवढे वेगळे, कारण त्यांची नळी पुढंमागं सरकवायची. त्यामुळं शेजारच्या गावचा माणूस कागद पुढं ठेवला की वाजवायला लागतो. पखवाजाचं तसं नाही. आमचा विणेकरी कुठल्या चरणाला दम खातो हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही. आप्पांच्या धाकट्याला ते माहीत आहे. आळंदीच्या महाराजांना कसं असणार?

मागच्या वर्षी व्हिट फ्रायडेला, म्हणजे पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरच्या शुक्रवारी, डोंगरापलीकडच्या सॅडलवर्थच्या गावांत आमचा बँड गेला. त्या दिवशी तिथं बँडांच्या स्पर्धा असतात. बसमधून गावोगाव हिंडायचं, रस्त्यानं एक मार्च वाजवत जायचं आणि मैदानात दुसरा, पार रात्रीपर्यंत. परीक्षक पडदे ओढलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये बसतो. कुठला बँड, कोण वाजवतंय, त्याला दिसत नाही. (आमच्या फ्लेक्सवाल्याला हे सांगितलं तर तो बेशुद्ध पडेल.) आमचे दोन जण आजारी होते, म्हणून दुसऱ्या बँडचा एक निवृत्त पोस्टमन आला. माझ्या मुलीपेक्षा पन्नास वर्षांनी मोठा, उमेदीत नामांकित बँडांतून वाजवलेला. त्यानं संचालकाला विचारलं, मी कुठं बसू? आणि मुलीच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसला. बसमध्ये तिच्या कागदावर पेन्सिलीनं चार ठिकाणी बारकी खूण केली. श्वास इथं घे, म्हणाला. तो गेला. खुणा अजून आहेत, आणि ती तिथंच श्वास घेते.

म्हणून इथलं सगळं गोड आहे असं नाही. मोठ्या स्पर्धांत वादकाची नोंदणी एकाच बँडकडे असावी लागते, हा नियम उगाच झालेला नाही. बाकीच्या वेळी तीच दहा माणसं आज या बँडच्या कोटात, उद्या त्या. आमच्या 'गावच्या' बँडमध्ये गावात राहणारी माणसं मोजायला एका हाताची बोटं पुरतात. खुर्च्या रिकाम्या म्हणून पाहुणा आणि पाहुणा मिळतोय म्हणून नवं पोर शिकवायची घाई नाही, हे चक्र इथंही फिरतंय. फक्त भरलेल्या खुर्चीवरून कुणाला उठवलेलं मी पाहिलं नाही.

आणि मिरजेच्या माणसानं 'बाहेरचा' हा शब्द तरी जपून वापरावा. गायक अब्दुल करीम खाँसाहेब उत्तरेतल्या कैराना गावचे. मिरजेत राहिले आणि १९३७ साली गेल्यावर मिरासाहेबांच्या दर्ग्यातच विसावले. ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी तिकडं जाऊन आणली, आणि मिरजेत ती विष्णु दिगंबर पलुस्करांना दिली. मिरजेच्या ज्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा भोपळासुद्धा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. पण ही माणसं अर्धा तास आधी मोटारीतून उतरली नव्हती. ती राहिली, आणि त्यांनी पोरं शेजारी बसवून घेतली.

तेव्हा भाडोत्री वादक बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी अंगठा उठवणार नाही. पाहुणा यावा. पाकीट भरून द्यावं, त्यानंही आयुष्य घातलंय त्या पुडीवर. मात्र त्यानं दोन दिवस आधी यावं, पहाटे काकड्याला धाकट्याच्या मांडीला मांडी लावून बसावं आणि काल्याला दोन पखवाज उभे राहावेत. दोन पखवाज एका पट्टीत मिळवायला त्रास पडतो, मान्य. पडू दे.

हेच लिहून मी कोषाध्यक्षांना कळवलंय, की पुढच्या सालची माझी देणगी या अटीवर, आणि फ्लेक्सवरची माझी ओळ काढून तिथं काकड्याच्या पखवाज्याचं नाव घाला. इतक्या लांबून अटी घालणारा मी कोण, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच आणि त्याला माझ्याकडं धड उत्तर नाही. आप्पांना मजकूर वाचून दाखवला. ते म्हणाले, "अट राहू दे, आधी त्या पोराला फोन कर."

केला. दुसरी पाळी होती, त्यानं उचलला नाही. कोषाध्यक्षांचा मात्र लगेच अंगठा आलाय. तो होकाराचा की नुसता वाचल्याचा, हे इथून कळत नाही.